पाहुण्यांना घेऊन नाशकात एका दिवसाची खरेदी: नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शन

नाशकात बदलीने किंवा नोकरीनिमित्त राहायला आलेल्या कुटुंबाच्या एक गोष्ट लवकरच ध्यानात येते, ती म्हणजे हे गाव साऱ्या नातेवाइकांच्या वाटेवर आहे. त्र्यंबकेश्वर, वणी, शिर्डी यांपैकी कोठेही निघालेली मंडळी एक मुक्काम तुमच्याकडे करतात, आणि त्यांच्या घरात एखादे लग्न ठरलेले असले तर तो मुक्काम दर्शनापुरता न राहता खरेदीचा होतो. पैठणी पाहायची असते, मंगळसूत्र घ्यायचे असते, रुखवतासाठी पितळी समई आणि तांब्याची भांडी हवी असतात, निघताना चिवडा बांधून न्यायचा असतो, आणि या सगळ्यात नाशिकची मिसळ खाल्ल्याशिवाय कोणी परत जाणार नसतो. मंडळींत पाच वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या आत्यांपर्यंत सगळे असतात. रात्री आठ वाजता घरी परतताना पायांचे तुकडे पडलेले असतात, दोन जणींचे एका साडीवरून बिनसलेले असते आणि जी वस्तू मुख्यतः घ्यायची होती तीच राहून गेलेली असते.

थकवा येणारच, तो टाळण्याची युक्ती कोणाजवळही नाही. मात्र दिवस नीट आखला तर थकव्याच्या बदल्यात काम तरी पुरे होते. आखणीचे सूत्र माझ्या मते असे आहे की, जिला डोके लागते ती खरेदी आधी करावी, जिचे ओझे होते ती शेवटी करावी, आणि चालण्याचा वेग मंडळींतील सर्वांत हळू चालणाऱ्या व्यक्तीवरून ठरवावा. पुढील सर्व सूचना याच क्रमाने दिल्या आहेत.

आदल्या रात्री

रात्रीची जेवणे आटोपल्यावर सर्वांनी एकत्र बसून कागदावर यादी करावी. यादीचे दोन भाग करावेत: उद्या घ्यायचेच असे, आणि दिसले व पसंत पडले तर घ्यावे असे. लग्नाचा बस्ता असेल तर नवरीच्या साड्या, मानाच्या साड्या आणि आहेराचे कपडे यांची संख्या वेगवेगळी लिहावी व प्रत्येकीपुढे साधारण किंमत टाकावी, कारण दुकानात साड्यांचा ढीग समोर पडला की घरी मनात धरलेली रक्कम कोणालाच आठवत नाही. याहूनही महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक वस्तूच्या पुढे निर्णय कोणाचा तेही लिहून ठेवावे. नवरीच्या शालूचा शेवटचा शब्द नवरीचा, मानाच्या साड्यांचा तिच्या आईचा, भांड्यांचा आत्यांचा, असे आधीच ठरले म्हणजे बाकीच्यांना मत देता येते, परंतु अडवून धरता येत नाही. हे काहींना रुक्ष वाटेल. तथापि सात जणांनी मिळून एक साडी निवडण्याचा प्रकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

पैशांचेही याच बैठकीत ठरवावे. आपल्याकडे चहाच्या गल्ल्यापाशी 'तुम्ही थांबा हो, मी देतो' यावरून जी ओढाताण होते, ती दिवसातून सहा वेळा झाली की प्रेमाची राहत नाही. रिक्षा, चहा, न्याहारी, जेवण यांसाठी प्रत्येक घराने सारखी रक्कम काढून ती एका व्यक्तीकडे द्यावी, आणि तिनेच सर्वत्र पैसे द्यावेत. पाहुण्यांकडून पैसे घेणे यजमानांना प्रशस्त वाटत नसेल, तर जेवण आपल्याकडे आणि बाकी खर्च एकत्र, असा तोडगा निघतो. मोठ्या खरेदीसाठी मात्र ज्याची वस्तू त्यानेच स्वतः पैसे द्यावेत. दोन लाख रुपयांवरील खरेदीला पॅन कार्ड लागते आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम दुकानदाराला एका व्यवहारात रोख स्वीकारता येत नाही. त्यामुळे सोने घ्यायचे असल्यास पॅन कार्ड बरोबर असावे आणि आपल्या बँकेने यूपीआयसाठी घातलेली दैनिक मर्यादा आदल्या रात्रीच पाहून ठेवावी. दागिना तोलून झाल्यावर काउंटरवर उभे राहून भाच्याला फोन लावण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

उद्या कोणाचा उपवास आहे का, हेही विचारून घ्यावे. एकादशी आणि संकष्टी कॅलेंडरवर दिसतात, परंतु एखाद्या मावशींचा गुरुवार किंवा सोमवार असतो आणि त्या भिडेपोटी बोलत नाहीत. मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, पाण्याच्या बाटल्या आणि रिकाम्या कापडी पिशव्या रात्रीच एका झोळीत भरून ठेवाव्यात. ज्या दुकानात खास जायचे आहे ते उद्या उघडे आहे ना, याची फोनवरून खात्री करावी. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. बाजार पाहण्याची हौस असेल तर तो दिवस चांगला, परंतु लग्नाच्या खरेदीसाठी टाळण्यासारखा आहे.

गाडी की रिक्षा

घरची मोटार जुन्या नाशकात नेऊ नये. मेन रोड, सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल हा सगळा भाग पायी फिरण्याच्या काळात वसलेला आहे. तेथील बोळांत मोटार शिरली तर पुढे सरकत नाही आणि मागे येत नाही, आणि चालवणारा माणूस दिवसभर खरेदीऐवजी गाडीचीच काळजी वाहत राहतो. रविवार कारंजा किंवा शालिमारपर्यंत रिक्षाने यावे आणि तेथून चालावे. रिक्षाचे भाडे बसण्याआधी ठरवावे, आणि किती माणसे बसणार तेही त्याच वेळी सांगावे. महापालिकेची सिटीलिंक बस स्वस्त पडते, मात्र वयस्क मंडळी आणि पिशव्या बरोबर असताना ती जातानाच वापरावी, येताना नव्हे. पाहुणे रेल्वेने येणार-जाणार असतील, तर नाशिक रोड स्थानक शहराच्या जुन्या भागापासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे, हे नवख्या यजमानाने विसरू नये. संध्याकाळच्या गर्दीत या प्रवासाला एक तास हाताशी ठेवलेला बरा.

सकाळ: आधी घाट, मग न्याहारी

पाहुणे नाशकात येऊन रामकुंडावर गेले नाहीत असे सहसा होत नाही. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि 'गंगेवर जाऊन आलो' हे वाक्य येथे रोजचे आहे. दुकाने साडेदहा-अकराच्या सुमारास उघडतात, म्हणून सकाळी सात ते नऊ हा वेळ पंचवटीला द्यावा. उन्हाळ्यात तेवढाच वेळ सुखाचा असतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र घाटावर चांगलीच थंडी असते, तेव्हा म्हाताऱ्या मंडळींना शाल पांघरायला सांगावे. घाटावर पूजा सांगायची असल्यास दक्षिणेचे आधी बोलून घ्यावे. देवाच्या दारी कसे बोलायचे म्हणून संकोच केला, तर नंतर तोंड कडू होते.

येथे सगळी मंदिरे करण्याच्या भरीस पडू नये. काळाराम मंदिराचे प्रांगण प्रशस्त असून तेथे निवांत बसता येते. वडीलधारी मंडळी प्रदक्षिणा घालत असताना शाळकरी मुलांना २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिराच्या प्रवेशासाठी सुरू झालेल्या सत्याग्रहाची गोष्ट सांगावी, म्हणजे तीही धावपळ न करता एका जागी बसतात. कपालेश्वराला पायऱ्या चढून जावे लागते, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच हात जोडावेत. सीतागुंफेत वाकून, अंग चोरून उतरावे लागते आणि रांगही असते. दम लागणाऱ्यांना तेथे नेण्याचा आग्रह यजमानाने स्वतःहून करू नये. दिवसाची सुरुवात आहे, आणि पायांत जेवढा जोर आहे तो अजून दुपारपर्यंत पुरवायचा आहे.

पावसाळ्यात निघण्यापूर्वी गंगापूर धरणातून पाणी सोडले आहे का, ते बातम्यांत पाहावे. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पूर मोजण्याची पट्टी होय: पाणी मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, अशी भाषा गावभर चालते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हा मारुती पाण्याखाली गेला होता. नदीचे पाणी चढते तेव्हा ते सराफ बाजार आणि भांडी बाजाराच्या खालच्या अंगालाही शिरते, त्यामुळे अशा दिवशी दर्शन आणि खरेदी दोन्ही पुढे ढकलावे. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, आणि त्या काळात घाटाच्या परिसरात खरेदीच्या हेतूने पाऊलच टाकू नये.

नऊच्या सुमारास मिसळ खावी. पंचवटीतील अंबिका येथून जवळ आहे. गंगापूर रस्त्याच्या अंगाला साधना व तिच्यासारखी मोकळ्या जागेतली, चुलीवरच्या मिसळीची ठिकाणेही प्रसिद्ध आहेत, परंतु ती जुन्या शहरापासून दूर पडतात आणि सुटीच्या दिवशी तेथे ताटकळत बसावे लागते. खरेदीच्या दिवशी वाटेवरची मिसळ बरी. मोड आलेली मटकी, वर शेव-फरसाण, बाजूला कांदा, लिंबू, पापड, दही आणि वेगळ्या भांड्यात रस्सा अशी मांडणी असते. नवख्यांनी रस्सा एकदम ओतून घेऊ नये. आधी मटकीवर दोन चमचे घालून तिखटाचा अंदाज घ्यावा, मग हात सैल सोडावा. काळ्या मसाल्याचा रस्सा पहिल्या घासाला सौम्य वाटतो आणि पाचव्या घासाला आपला इंगा दाखवतो. मुलांसाठी मटकी-शेव-दही वेगळे मागितले तर मिळते. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी भिडेपोटी मिसळ खाऊ नये. पोहे किंवा इडली घ्यावी, आणि उपवासाच्या मंडळींसाठी साबुदाणा वडा सहज मिळतो. दुसरी मिसळ मागवण्याचा मोह येथे आवरावा, कारण पुढे सराफाच्या दुकानात बसायचे आहे आणि सुस्तावलेल्या डोक्याने सोने घेऊ नये.

सराफ बाजार

सोन्याची खरेदी अकरा वाजता करावी असे मी आग्रहाने सांगतो, याचे कारण एवढेच की दिवसातील सर्वांत मोठी रक्कम येथे जाते आणि सर्वांत कमी प्रश्न येथे विचारले जातात. सराफ बाजारातील जुनी दुकाने अरुंद आहेत. सात जणांनी आत शिरू नये. ज्यांचा दागिना ते, घरातील एक जाणती बाई आणि हिशेबाला पक्का असा एक माणूस, एवढ्यांनीच आत बसावे. उरलेल्यांनी मुलांना घेऊन जवळच चहा घ्यावा किंवा पेशवेकालीन सरकारवाडा बाहेरून पाहून यावे. तो याच भागात आहे.

दागिना पसंत पडल्यावर पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात. प्रथम त्या दिवसाचा २२ कॅरेटचा भाव विचारावा, आणि सांगितलेला भाव २४ कॅरेटचा नाही ना, याची खात्री करावी. मग दागिन्यावरील हॉलमार्क भिंगातून पाहावा. त्यावर भारतीय मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक, अशा तीन गोष्टी असतात. २२ कॅरेटच्या दागिन्यावर शुद्धतेचा आकडा ९१६ असतो. हा सहा खुणांचा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यांच्या विक्रीसाठी सक्तीचा आहे. बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की दागिन्याची शुद्धता, त्याचा प्रकार आणि नोंदणीकृत सराफाची माहिती दिसते. एखादी पाटली आवडली म्हणून हा क्रमांक न पाहता पुढे जाऊ नये. सराफ वर्षानुवर्षांचा ओळखीचा असला तरी भिंग मागण्यात त्याचा अपमान नाही, आणि चांगला सराफ ते स्वतःच पुढे करतो.

नंतर वजन. दागिना काट्यावर ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का ते पाहावे, आणि दागिन्यात खडे असतील तर खड्यांचे वजन वजा करून सोन्याचे निव्वळ वजन किती तेवढे विचारावे, कारण खड्यांना सोन्याचा भाव द्यायचा नसतो. शेवटी घडणावळ. ती कोठे ग्रॅममागे सांगतात, कोठे टक्क्यांत, त्यामुळे दोन दुकानांची तुलना करताना पूर्ण रकमेचाच आकडा मागावा: सोने, घडणावळ, वर तीन टक्के जीएसटी, सारे धरून हातात किती पडणार. सोन्याच्या भावात घासाघीस होत नाही, घडणावळीत होते. बोलायचे ते तेथेच बोलावे. आजीची जुनी बांगडी मोडीत द्यायची असेल, तर ती घरीच तोलून आणावी, जुनी पावती असल्यास बरोबर घ्यावी, आणि मोडीचा हिशेब व नव्या दागिन्याचा हिशेब वेगवेगळ्या ओळींत लिहून मागावा. दोन्ही एकात मिसळून 'वरचे एवढे द्या' असे सांगितले गेले, तर शांतपणे पुन्हा लिहायला लावावे. पक्की पावती घेतल्याशिवाय उठू नये, आणि दागिना घेतल्यावर तो आत बसलेल्या तिघांपैकी एकाच्याच अंगाशी राहावा. हाताहातांतून पाहायला फिरवण्याचा कार्यक्रम घरी करावा.

साड्या

नाशिक म्हटले की पाहुण्यांना पैठणी आठवते, परंतु पैठणीचे माग नाशिक शहरात नाहीत, ते येवल्याला आहेत. येवला येथून सुमारे ऐंशी किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर. मागावरची पैठणी पाहून घ्यायची असेल तर येवल्यासाठी वेगळा दिवस काढावा. नाशिकच्या खरेदीच्या दिवसात येवला कोंबू नये. मंडळी शिर्डीला निघणार असतील तर वाट थोडी वाकडी करून येवला करता येते, हे त्यांना सुचवावे. शहरात मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत पैठणीची दुकाने पुष्कळ आहेत, आणि बहुतेकींचे काम तेथेच होते.

हातमागाची पैठणी ओळखण्यासाठी साडी उलटी करून पाहावी. पदरावरचा मोर जसा सुलट बाजूने दिसतो तसाच उलट बाजूनेही स्वच्छ दिसला, मागे कापलेल्या धाग्यांचे जाळे लोंबत नसले, तर ती हातमागाची असण्याचा संभव मोठा असतो. यंत्रमागावरच्या साडीत नक्षीच्या मागे आडवे सुटे धागे किंवा कापल्याच्या खुणा असतात. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क या दोन खुणा वेगळ्या आहेत: पहिली रेशीम खरे असल्याचे सांगते, दुसरी विणकाम हातमागाचे असल्याचे. यंत्रमागाची साडी घेण्यात कमीपणा काहीच नाही. मानाच्या साड्यांसाठी तीच परवडते आणि नेसायलाही हलकी असते. फक्त यंत्रमागाच्या साडीला हातमागाचा भाव देऊ नये.

दुकानात शिरताच विक्रेत्याला संख्या आणि किंमत स्पष्ट सांगावी. 'दाखवा तुमच्याकडे काय काय आहे ते' असे म्हटले की तो प्रथम महागातली साडी उलगडतो, आणि ती एकदा डोळ्यांत भरली की नंतरच्या सगळ्या फिक्या वाटतात. आधी मानाच्या साड्या घ्याव्यात, शालू शेवटी घ्यावा. उलट क्रमाने गेल्यास शालूतच दोन तास जातात आणि मानाच्या साड्या कंटाळून, न पाहता बांधल्या जातात. मानाच्या साड्या एकाच किमतीच्या आणि शक्य तर एकाच प्रकारच्या, केवळ रंग वेगळे, अशा घ्याव्यात. यात थोडा नीरसपणा आहे, पण 'त्यांना तसली आणि आम्हाला असली' या वाक्याला मग जागा उरत नाही. रंग ठरवताना साडी दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात पाहावी, कारण आतल्या दिव्यांखाली जांभळा आणि वांगी हे रंग एकच दिसतात.

अशी बरीच दुकाने गादीवर बैठक मारून साड्या दाखवतात. आत्यांना गादीवर बसता येते, पण उठता येत नाही. आल्याबरोबर त्यांच्यासाठी खुर्ची किंवा स्टूल मागून घ्यावे आणि साड्या दाखवणाऱ्याच्या समोरच ठेवावे, कोपऱ्यात नव्हे, अन्यथा त्यांना आपल्याला बाजूला बसवल्यासारखे वाटते. पुरुष मंडळींपैकी ज्यांचे येथे काही काम नाही, त्यांनी प्रामाणिकपणे बाहेर पडावे. दाराशी उभे राहून घड्याळ पाहणाऱ्या काकांमुळे जेवढ्या साड्या घाईत घेतल्या जातात, तेवढ्या विक्रेत्याच्या गोड बोलण्यामुळेही घेतल्या जात नसतील. उठण्यापूर्वी साडी पूर्ण उलगडून डाग आणि विरलेली जागा पाहावी, ब्लाउजपीस त्यातच आहे का ते पाहावे, आणि फॉल-पिको कधी मिळणार व साडी बदलून देण्याची मुदत किती, हे पावतीवर लिहून घ्यावे. पाहुणे परगावचे असतात. बदलायला तुम्हालाच जायचे आहे.

स्वच्छतागृहाविषयी येथेच लिहितो, कारण अडचण साधारणपणे याच वेळी येते. जुन्या बाजारात महिलांसाठी स्वच्छ जागा सापडणे कठीण आहे, आणि कित्येक बायका या भीतीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोके दुखते आणि त्याला उन्हाचे नाव मिळते. न्याहारीच्या ठिकाणी, साडीच्या मोठ्या दुकानात आणि जेवणाच्या हॉटेलात अशा तीन जागा आधीच ठरवून ठेवाव्यात, आणि यजमानीणबाईंनी 'कोणाला जायचे आहे का' असे सर्वांदेखत न विचारता 'चला, मी जाऊन येते आहे' असे म्हणून उठावे.

जेवण आणि मंडळींची विभागणी

साडेबारा वाजता पोटात कावळे ओरडू लागले तरी साड्यांच्या मधूनच उठू नये, आणि तीन वाजेपर्यंत ताणूही नये. गोळ्या घेणाऱ्यांना बाराच्या सुमारास केळे किंवा राजगिऱ्याची वडी द्यावी आणि दीड-दोनला सर्वांनी जेवावे. अमर्याद थाळी या दिवशी घेऊ नये असे माझे मत आहे. वाढपी आग्रह करतो, पाहुणे पैसे वसूल करायला बसतात, आणि त्यानंतर चार माणसे उभी राहू शकत नाहीत. भाजी-भाकरी किंवा वरण-भात-भाजी, ताक, एवढे साधे जेवण पुरे. गोड हवेच असेल तर जुन्या नाशकातील बुधा हलवाई यांची जिलेबी तोलून घ्यावी आणि सर्वांनी दोन-दोन वेढी खावीत.

जेवणानंतर मंडळींचे दोन गट करावेत, आणि हे सकाळीच सांगून ठेवावे, म्हणजे कोणाला आपल्याला घरी धाडले असे वाटणार नाही. लहान मुले, वयस्क मंडळी आणि सोन्याचा डबा यांनी एका विश्वासू माणसाबरोबर रिक्षाने घरी जाऊन आडवे व्हावे. साड्यांचे गठ्ठेही त्यांच्याबरोबर जातील. भांड्यांचा निर्णय आत्यांचा असेल तर त्यांना तेवढे एक दुकान करून मग पाठवावे. उरलेल्या तिघा-चौघांनी चारपर्यंत कोठेतरी सावलीत बसावे. उन्हाळ्यात दोन ते चार या वेळात फिरून झालेली खरेदी बहुधा दुसऱ्या दिवशी बदलावी लागते.

भांडी बाजार

तांब्या-पितळेची भांडी हा नाशिकचा जुना व्यवसाय आहे, आणि भांडी बाजारात समई, निरांजन, ताम्हण, पळी-पंचपात्र, घंगाळ, हंडा-कळशी सारे एका रांगेत मिळते. ही खरेदी शेवटी ठेवण्याचे कारण उघड आहे: पितळी समईची जोडी हातात घेऊन साड्या पाहता येत नाहीत.

भांडे वजनावर विकले जाते, म्हणून आधी किलोचा भाव विचारावा आणि मग भांडे निवडावे. हाताने ठोकलेल्या भांड्याचा भाव साच्यातल्या भांड्यापेक्षा जास्त असतो. ठोक्यांच्या खुणा जवळून पाहिल्या तर हाताच्या कामात त्या किंचित कमी-जास्त असतात, यंत्राच्या कामात अगदी एकसारख्या. समई घेताना तिचे भाग सुटे करून पुन्हा बसवून पाहावेत, आटे नीट लागतात का ते तपासावे, आणि सपाट फरशीवर उभी करून ती डुगडुगत नाही ना ते पाहावे. आतून पोकळ बैठकीत वजनासाठी काही भरलेले आहे का, हेही विचारायला हरकत नाही. पितळी पातेले स्वयंपाकाला वापरायचे असेल तर कल्हई करूनच घ्यावे. तांब्याच्या भांड्यात ताक, चिंच किंवा लिंबाचे पदार्थ ठेवू नयेत, हे नव्या नवरीला दुकानातच सांगून टाकावे.

रुखवताच्या भांड्यांवर नाव टाकून मिळते. कारागीर छोटे यंत्र हातात धरून, भांडे मांडीशी टेकवून, पाहता पाहता अक्षरे कोरतो. एकदा उमटलेले अक्षर पुसता येत नाही. म्हणून नाव, आडनाव आणि तारीख कागदावर ठळक अक्षरांत लिहून द्यावी, ऱ्हस्व-दीर्घ दोघांनी तपासावे, आणि तोंडी सांगून लांब जाऊन उभे राहू नये. नवरीचे माहेरचे नाव घालायचे की सासरचे, याचा वाद कारागिरापुढे घालू नये. तोही आदल्या रात्रीच्या यादीत मिटवावा.

निघताना

खाऊ सर्वांत शेवटी घ्यावा, कारण चिवड्याची पाकिटे पिशवीत तळाशी गेली की त्यांचा चुरा होतो. कोंडाजी चिवडा हे नाव पाहुण्यांना ठाऊक असते. पाकिटावर बनवल्याची तारीख पाहून, प्रत्येक घराच्या नावाने वेगळी पिशवी बांधून घ्यावी, म्हणजे रात्री वाटणीचा घोळ होत नाही. जानेवारी ते मार्च या काळात द्राक्षेही नेता येतात, परंतु ती जाण्याच्या दिवशी सकाळी घ्यावीत आणि पुठ्ठ्याच्या पेटीतच न्यावीत. पिशवीतली द्राक्षे मनमाडच्या पुढे टिकत नाहीत. संध्याकाळी भेळ किंवा उसाचा रस घ्यायला हरकत नाही. पाणीपुरी मात्र दुसऱ्या दिवशी लांबचा प्रवास असलेल्यांनी टाळावी.

घरी आल्यावर प्रथम गरम पाणी आणि मीठ घालून पाय शेकायला द्यावेत, मग खिचडी-कढी. साड्या पुन्हा उलगडून पाहण्याचा कार्यक्रम जेवणानंतरच ठेवावा. त्याच बैठकीत सर्व पावत्या एका पाकिटात घालून त्यांचा फोटो काढावा, एकत्र खर्चाचा हिशेब वाचून दाखवावा आणि उरलेले पैसे ज्याचे त्याला परत करावेत. सकाळी गाडीच्या गडबडीत हा विषय काढला की कोणीच पैसे हातात घेत नाही. समया वर्तमानपत्रात गुंडाळून, भाग सुटे करून, कपड्यांच्या मध्ये बॅगेत ठेवाव्यात. तांब्याच्या हंड्याच्या पोकळीत चिवड्याची पाकिटे व्यवस्थित मावतात आणि चुरतही नाहीत.